जुन्या सातव्याचा आवाज

१

ही गोष्ट लिहायची मला काडीची हौस नाही. भाची हात धुऊन मागं लागलीय म्हणून बसलोय. आईपाशी विषय काढला की आई उठून भांडी घासायला जाते, बापापाशी काढला की बाप झोपेचं सोंग घेतो, मग उरला कोण, तर मामा. मामाला काय काम आहे. मी तिला म्हटलं, एवढी बुकं शिकलीस, तूच लिही. तर म्हणते, मला माहीतच नाही तर लिहू काय. मास्तरांनी मला शाळेतून हाकललं, त्यानंतर एवढं लिहायची ही पहिलीच वेळ. तेव्हा कुणी चुका काढायच्या नाहीत, आणि मध्येच 'मग पुढं काय' करायचं नाही. पुढचं पुढंच येतं.

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, एका जुन्या गोल्फ क्लबात हेड माळी होते. मी तिथंच गवत कापायच्या यंत्रांचा मिस्त्री. मला सगळे मिस्त्रीच म्हणायचे, भावोजीसुद्धा. गोष्ट त्यांची आहे. त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं तेही मी लिहिणार आहे, कारण ते त्यांनीच मला शेडमध्ये तेलाच्या डब्यावर बसून वेळोवेळी सांगितलंय. पदरचं घालायला माझ्याकडं पदर नाही.

गोल्फ न खेळणाऱ्याला वाटतं, होल एकदा खणला की झाला. तसं नसतं. होल रोज हलवावा लागतो. होलात रोवलेल्या झेंड्याभोवती सतरंजीसारखं बारीक कापलेलं गवत असतं, त्याला ग्रीन म्हणतात, मैदानावर अशी अठरा. दिवसभर लोक होलापाशी बूट रगडतात, कडा ढासळतात, गवत मरतं. म्हणून उजाडल्याबरोबर माळी येतो. नळीसारख्या पात्याचं कटर ग्रीनवर दुसऱ्या जागी दाबतो आणि गवतासकट मातीचा एक गोल गड्डा उपसतो. तो झाला नवा होल, मूठ जाईल एवढा रुंद, वीतभर खोल. जुन्या होलातला पांढरा कप आकड्यानं वर ओढायचा, नव्यात बसवायचा, आणि जुन्या भोकात तो गड्डा दाबून बुजवायचं. हाताखाली माणसं होती, पण होल भावोजी स्वतःच पाडायचे. म्हणायचे, घरातली चूल आणि ग्रीनवरचा होल दुसऱ्याच्या हातात देऊ नये.

कप बसवला की ते एक गोष्ट न चुकता करायचे. खिशातला चेंडू काढायचा, गुडघ्याच्या उंचीवरून कपात सोडायचा आणि कान द्यायचा. कप तिरका बसला असेल तर आवाज फुटका येतो. नीट बसला असेल तर टक्. एकदाच आणि कोरडा. त्यांच्या आधीच्या हेड माळ्यानं त्यांना हे शिकवलं होतं, त्याला त्याच्या आधीच्यानं. पुस्तकात ते कुठं नाही. मी चेष्टा करायचो की भावोजी, मडकं घेताय का बडवून. ते हसायचे नाहीत. त्यांना हसायला सकाळचा चहा पोटात जावा लागायचा.

२

त्या वर्षी क्लबाला शंभर वर्षं होणार होती. असल्या क्लबांना वय झालं की मिजास चढते. भिंतीवर लाकडी फळ्या, त्यावर सोनेरी अक्षरांत आजवरच्या अध्यक्षांची नावं, काचेच्या कपाटात काळे पडलेले चषक, आणि जेवणघरात कोटाशिवाय पाऊल टाकायचं नाही. कोटाखाली सदऱ्याला ठिगळ असलं तरी चालतं, पण कोट हवा.

कमिटीनं ठरवलं की मैदान पहिल्यासारखं करायचं. ते ज्यानं आखलं त्या माणसानं म्हणे एक अख्खा हिवाळा नुसतं चालण्यात घालवला होता. हातात काठी. जमीन जिथं आपणहून वाटीसारखी होते तिथं ग्रीन, जिथं वारा वाळू उघडी पाडतो तिथं बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा. माणसानं जमिनीला सांगायचं नाही, जमिनीनं माणसाला सांगायचं, असा त्याचा हिशेब. नंतरच्या कमिट्यांनी त्यात आपापली अक्कल घातली. झाडं लावली, बंकर वाढवले, आणि सातवं ग्रीन खालच्या खोलगट जागेतून उचलून वर टेकाडावर नेलं. का नेलं, असं जुन्या कुणाला विचारलं की उत्तर यायचं, खाली ओल धरते.

मैदान पूर्ववत करायला बाहेरून एक तज्ज्ञ आणला. माणूस चांगला होता, शिकलेला असून ऐकून घ्यायचा. त्यानं पहिल्या नकाशावरून जागा दाखवली, झुडपं काढली, आणि जुनं सातवं खाली तसंच्या तसं सापडलं. वर रान माजलेलं, पण अंगाचा आकार तोच. तिन्ही बाजूंनी उतार आणि मध्ये बशीसारखी जागा. भावोजींनी गवत पेरलं. बाकीच्या ग्रीनवर गवत धरायला नाकी नऊ येतात, इथं ते असं आलं की जणू वाटच बघत होतं. तज्ज्ञानं भावोजींची पाठ थोपटली आणि आपल्या गावी गेला.

भावोजींना एवढंच हवं होतं की सगळं सुरळीत पार पडावं. क्लबानं दिलेलं घर नवव्या ग्रीनला लागून होतं. दोन खोल्या, मागं पडवी, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून दूरपर्यंत हिरवं. ताई लग्न होऊन त्या घरात आली, भाची तिथंच रांगली. सेक्रेटरींनी शब्द दिला होता की शंभरीचा सामना नीट झाला तर भावोजींनी काम सोडल्यावरही घर त्या दोघांच्या हयातीपर्यंत राहील. ताईनं त्या शब्दावर खिडकीला नवे पडदे शिवले होते.

३

पहिल्यांदा झालं ते इतकं किरकोळ की दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

भावोजींनी जुन्या सातव्यावर पहिला होल पाडला, कप बसवला, चेंडू सोडला. चेंडू तळाशी गेला. त्यांनी वरून बघितलं, पांढऱ्यावर पांढरा, स्वस्थ. आणि मग आवाज आला. टक्.

त्यांनी चेंडू काढला, पुन्हा सोडला. चेंडू पडला, थांबला, मग टक्. मध्ये फार नव्हतं, पापणी लवेल एवढंच. लांबवर कुणी लाकूड तोडत असेल तर कुऱ्हाड आधी दिसते आणि आवाज मागून येतो, तसं. पण ती कुऱ्हाड लांब असते. हा चेंडू त्यांच्या पायाशी होता.

भावोजी वेडेविद्रे नव्हते. त्यांनी आधी खोलगट जागेला दोष दिला, उतारावरून आवाज परत येत असेल. मग त्यांनी तिथंच टाळी वाजवली. टाळी जिथल्या तिथं वाजली. खोकून बघितलं. खोकलाही वेळेवर आला. पुन्हा चेंडू सोडला, तो मात्र उशिरा.

आठव्या ग्रीनवर गेले. तिथं कप बसवला, चेंडू सोडला, टक्, अगदी वक्तशीर. बरं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं. आठवं बरोबर असेल तर सातवं चूक आहे, आणि सातवं बरोबर असेल तर आपले कान. त्यांनी कानांना कौल दिला. साठी उलटलेल्या माणसाला हे परवडतं.

४

डॉक्टरनं कानातून एवढा मळ काढला की ताई म्हणाली, आता निदान माझं बोलणं ऐकू येईल, मेणबत्ती करून ठेवा त्याची. कान तपासायच्या पेटीत बसवून डॉक्टरनं बारीक बारीक आवाज ऐकवले. सगळे आले. डॉक्टर म्हणाला, या वयात असे कान नशिबानं मिळतात.

भावोजी घरी आले ते तोंड पाडून. ताईला कळेना की कान चांगले निघाल्याचं यांना दुःख कसलं.

तोवर उशीर वाढला होता. पापणी लवायची ती आता चांगला श्वास घेऊन सोडण्याइतकी झाली होती. आणि दुसरी एक गोष्ट. जुन्या भोकात दाबलेला गड्डा दुसऱ्या सकाळी खाली गेलेला असायचा. ग्रीनच्या पातळीला बसवलेलं गवत बोटभर आत. नवीन बुजवलेलं थोडं खचतं, त्यात काही नवल नाही. भावोजी खालून माती घालून ते वर आणायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. बाकीच्या ग्रीनवर गड्डे जिथल्या तिथं.

मग त्यांनी मला बोलावलं. मी कटकट केली, कारण एक यंत्र उघडून पडलं होतं आणि सेक्रेटरी त्यासाठी सारखे मागं लागले होते. खाली गेलो. त्या बशीत उतरलं की वारा बंद व्हायचा, हे मी पहिल्यांदा तिथंच बघितलं. वर टेकाडावर झेंडा फडफडतोय आणि खाली झेंड्याचं कापड ओल्या टॉवेलासारखं लटकलेलं.

भावोजींनी चेंडू सोडला. मी तळाशी बघत होतो. चेंडू थांबला. मी म्हणालो, झालं का, आणि माझं बोलणं संपल्यावर टक् झालं.

मी म्हटलं पाइप असेल. पाणी सोडायचा जुना पाइप, पोकळ, आवाज फिरून येतो. माझं हेच असतं, जे वाजतं ते पाइपच असणार. शेडमधून माणसाच्या उंचीची लोखंडी सळई आणली आणि बुजवलेल्या एका गड्ड्यातून खाली दाबली. पाइपाला लागली तर ठण् होईल, दगडाला लागली तर हाताला झिणझिणी येईल. काहीच लागलं नाही. लोण्यात सुरी जावी तशी माझी मूठ गवताला टेकेपर्यंत गेली. वर ओढली. मातीत घुसलेली सळई वर येताना माती घेऊन येते, निदान ओल तरी. ही स्वच्छ होती. कुणी फडक्यानं पुसून द्यावी तशी.

भावोजी सळईकडं बघून म्हणाले, "मिस्त्री, हे ताईला सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. पण पाइपाचं बोलणंही मी तिथंच सोडलं.

५

भावोजींनी सेक्रेटरींपुढं एकच मागणं ठेवलं. सामना वरच्या टेकाडावरच्या ग्रीनवरच होऊ द्या, खालचं अजून कच्चं आहे, माती बसलेली नाही. आवाजाचं त्यांनी आधी काढलंच नाही.

सेक्रेटरी वाईट माणूस नव्हता. टापटिपीचा, प्रत्येकाला 'अहो' म्हणणारा, सकाळी स्वतःचे बूट स्वतः पुसणारा. तो खाली आला, ग्रीनवर गुडघा टेकून गवतावर हात फिरवला आणि म्हणाला की अहो, हे कच्चं असेल तर बाकीची सतरा फेकून द्यायला हवीत. सगळे पाहुणे हेच बघायला येणार आहेत. मग भावोजींनी आवाजाचं सांगितलं. तो हलक्या आवाजात म्हणाला, थकलात का तुम्ही. थकला असाल तर तसं सांगा, घराचंही मग त्या हिशेबानं बघू. धमकी अशी नव्हती. पण भावोजींना त्यात पडदे दिसले.

सेक्रेटरीनं जाताना जवळच्या पिशवीतून काठी घेतली आणि गंमत म्हणून एक चेंडू टोलवला. चांगला खेळायचा तो. चेंडू उतारावरून वळसा घेत आला आणि सरळ कपात. तो गेला, चेंडू उचलला, खिशात टाकला, भावोजींकडं बघून हसला, आणि चढ चढायला लागला. तो पार वर पोचला, झेंड्याच्या काठीएवढा दिसायला लागला, तेव्हा रिकाम्या कपात टक् झालं.

भावोजी तिथंच गवतावर बसले. मला नंतर म्हणाले की आवाज ऐकून भीती नाही वाटली. आवाज जर चेंडूचा असेल, तर तो चेंडूबरोबर जायला हवा होता. तो इथंच कुणाकडं तरी राहिला, याची वाटली.

६

आणि मग आवाज बंद झाला.

भावोजींनी चेंडू सोडला, तळाशी गेला, काही नाही. थांबले. बाकीच्या ग्रीनचं काम करून परत आले, हाताखालच्या एका माणसाला तिथं बसवून ठेवलं होतं, त्यानं काही ऐकलं नव्हतं. तो बिचारा आपल्याला शिक्षा कशाची झाली याच विचारात होता. दुसऱ्या दिवशीही काही नाही. गड्डेही खचायचे थांबले. जिथं दाबावेत तिथं राहायला लागले, उलट बोटाला किंचित वर लागायचे.

माणसाचं मन कसं असतं बघा. आवाज उशिरा येत होता तेव्हा झोप उडाली होती, आणि आवाज अजिबात येत नाही म्हटल्यावर भावोजी खूश. चेंडू प्लास्टिकच्या कपावर पडतो आणि कसलाच आवाज होत नाही, हे बरं लक्षण कसं, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला असणार. पण तो मनात वळवायचा कुठं हे त्यांना ठाऊक होतं. नवं गवत दाट आहे, कप घट्ट बसलाय, माती आवाज पिते. जेवायला बसले तर दुसऱ्यांदा वाढून घेतलं. ताईनं मला डोळ्यांनी विचारलं, काय झालं यांना. मी म्हटलं, बरे झाले. मला खरंच तसं वाटलं होतं असं नाही, पण माझ्याकडं दुसरं काही सांगायला नव्हतं.

७

सामन्याच्या दिवशी ऊन छान पडलं होतं. सगळे ठेवणीतले कोट घालून आलेले. त्या क्लबाची एक रीत होती, सामन्याच्या दिवशी प्रत्येक ग्रीनवर पहिला चेंडू अध्यक्षांनी कपात घालायचा आणि स्वतः वाकून काढायचा. कॅडीनं, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या पोऱ्यानं, काढून द्यायचा नाही. बाकी वर्षभर हवं तितकं कॅडीला राबवा, त्या दिवशी अध्यक्षानंच मान वाकवायची. असल्या क्लबातली ही एकच रीत मला पटायची.

अध्यक्ष म्हातारे होते, आमच्याहूनही. अत्यंत सभ्य. माझ्यासारख्या काळ्या हातांच्या माणसाशीही हस्तांदोलन करायचे आणि नंतर हात पुसायचे नाहीत. खेळत खेळत ते जुन्या सातव्यावर आले. लोक उतारांवर गोल उभे राहिले. कॅडी पिशव्या घेऊन वरच थांबले. ग्रीनवर फक्त अध्यक्ष, आणि कडेला झेंडा धरून भावोजी. त्यांच्या मागं दोन पावलांवर मी, कारण गवत कापायचं यंत्र ऐन वेळी बंद पडलं तर लागतो म्हणून मला जवळ ठेवलं होतं.

अध्यक्षांनी चेंडू हलकेच ढकलला. तो कडेवर थबकला, गेला आत. आवाज झाला नाही. टाळ्या पडल्या. अध्यक्ष वाकले आणि त्यांनी हात घातला.

वीतभर खोल कपात हात मनगटाच्या थोडा वरपर्यंत जातो. त्यांचा कोपरापर्यंत गेला. कोटाची बाही गवताला टेकली. चेहऱ्यावर काही नव्हतं, खिशात किल्ली शोधणाऱ्या माणसासारखा चेहरा. मग ते थांबले. आणि आम्हा दोघांनाच ऐकू जाईल अशा आवाजात, सवयीनं, खाली तोंड करून म्हणाले, "थँक्यू."

हात वर आला. हातात चेंडू होता. त्यांनी तो उंचावून दाखवला, लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. ते आठव्याकडं चालायला लागले. झेंडा परत लावायचा होता, तो भावोजींच्या हातात तसाच राहिला.

८

संध्याकाळी भावोजी ऑफिसात गेले आणि जे बघितलं ते सगळं सांगून टाकलं. मीही गेलो. सेक्रेटरीनं ऐकून घेतलं, हे मी त्याच्या बाजूनं सांगतो. त्यानं अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष म्हणाले, हो, चेंडू जरा आत होता, पण कॅडीनं हातात दिला. रीत मोडली, माफ करा. सेक्रेटरीनं फोन ठेवला आणि म्हणाला, बघा, कॅडी होता. आम्ही म्हटलं, सगळे कॅडी वर होते. तो म्हणाला, एखादा असेल खाली.

शेवटी त्यानं मार्ग काढला. उद्या सकाळी मी स्वतः येऊन उभा राहतो. तुम्ही रोजच्यासारखा होल हलवा, चेंडू टाका. मला काही वावगं दिसलं तर ग्रीन मीच बंद करतो. नाही दिसलं तर हा विषय संपला, पुन्हा काढलात तर तुमची नोकरी संपली. उद्या पाहुणे तिथं पुन्हा खेळणार आहेत. यात अन्याय काही नव्हता.

सकाळी आम्ही चौघं होतो. ताईला रात्री सगळं कळलं होतं. ती चहाचा थर्मास घेऊन आली होती, पण चहा हे निमित्त होतं. ती आपलं घर राखायला आली होती.

भावोजींनी कटर दाबलं, गड्डा काढला. आकड्यानं जुना कप वर ओढला. कप साधा, तळ शाबूत. त्यांनी तो मला दाखवला, मीही बोट घालून बघितला. जुनं भोक बुजवलं, नव्यात कप बसवला, तळव्यानं दाबला. उभे राहिले. खिशातून चेंडू काढून मुठीत धरला. सेक्रेटरी जरा बाजूला पाहुण्यांच्या वेळा सांगत फोनवर बोलत होता.

टक्.

एकदाच, कोरडा. कप नीट बसल्यावर यावा तसा.

सेक्रेटरीनं फोनवरून मान वळवली, अंगठा वर केला आणि म्हणाला, "झालं की. मी ऐकलं. ठणठणीत आहे."

भावोजींनी हात पुढं केला आणि मूठ उघडली. चेंडू तळहातावर होता.

भावोजी कपावर वाकले. बराच वेळ वाकून राहिले आणि मग मागं सरकले, गरम तव्यापासून सरकतात तसे. मी वाकलो. मला जे दिसलं तेवढंच लिहितो. कपात चेंडू नव्हता. कपाचा तळ पांढरा असतो, सपाट असतो, थोड्या वेळापूर्वी मी त्यात बोट घातलं होतं. तो तिथं दिसत नव्हता. त्या जागी फिकट काहीतरी होतं, मध्ये खोलगट, आणि त्यावर रेघा. हात पसरून एखादा माणूस काही घ्यायला थांबतो, तेव्हा वरून त्याचा तळवा कसा दिसतो हे सगळ्यांना माहीत आहे. आणखी काही मी लिहिणार नाही, भाचीनं हट्ट केला तरी.

सेक्रेटरी वाकला नाही. तो म्हणाला, दोन चेंडू आहेत तुमच्याकडं, एक टाकला आणि एक दाखवता. अहो, या वयात हे शोभतं का. हातातला टाका आता माझ्यासमोर, आणि संपवा.

भावोजी ताईकडं बघत होते. ताई म्हणाली, "टाका. एक चेंडू तर टाकायचाय. आपल्या घरासाठी टाका."

मी म्हटलं, "भावोजी, टाकू नका. मागतंय ते."

त्यांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. चेंडू खिशात घातला. मग गुडघे टेकून भरावासाठी आणलेल्या मातीचं एक-एक ढेकूळ हातानं त्या कपात लोटायला लागले, कप न काढता, आणि वरून बुटानं दाबत राहिले. सेक्रेटरीनं शेडच्या किल्ल्यांसाठी हात पुढं केला. त्यांनी काढून दिल्या. कटर तिथंच पडून राहिलं.

घर त्या महिन्यात गेलं. आता ते दोघं एका दुकानाच्या वरच्या खोलीत राहतात. खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची भिंत दिसते. जुनं सातवं चालू आहे. ठेकेदाराची माणसं होल हलवतात. ती चेंडू टाकून कान देत नाहीत, त्यांना तेवढा वेळ नसतो. लोक तिथं खेळतात आणि गवताची तारीफ करतात. अध्यक्षांनी उजवा हात पुन्हा कुणाला मिळवायला दिला नाही, तो खिशातच असतो, असं कॅन्टीनवाला सांगतो. कॅन्टीनवाला काय वाटेल ते सांगतो.

भावोजी मला एका शब्दानं बोलले नाहीत. ताई मात्र बोलली. सामान उतरवायला गेलेल्या दिवशी, शेजारचे दारात उभे असताना, तिनं सांगितलं की तुझ्या एका शब्दापायी माझं घर गेलं, तिथं काही नव्हतं, तुम्ही दोघा म्हाताऱ्यांनी मिळून भूत उभं केलंत, मी होते ना तिथं, मी काही ऐकलं नाही. त्यानंतर तिनं मला उंबऱ्याच्या आत घेतलेलं नाही.

ऐक तर, पोरी. आवाज झाला तेव्हा चेंडू तुझ्या बापाच्या मुठीत होता. सेक्रेटरी फोनवर होता. मी भावोजींच्या हाताकडं बघत होतो, आणि त्यांच्या पलीकडं तुझी आई उभी होती, थर्मासचं झाकण फिरवत. टक् झालं आणि तिची मान कपाकडं वळली. आमच्या सगळ्यांच्या आधी. मग तिनं डोळे मिटले, उघडले, आणि मग म्हणाली, टाका.

तिला ठाऊक होतं. माफी मागायचीच झाली तर ती तुझ्या आईनं.